मोल्सवर्थ : एका आडनावाचे मूळ

जुन्या शाळांच्या कपाटात एक जाडजूड कोश बहुधा सापडतो. पुठ्ठा सुटलेला, कडा कसरीने खाल्लेल्या, आणि उचलायला दोन्ही हात लागावेत एवढा जड. त्याचे पूर्ण नाव कोणी घेत नाही. "मोल्सवर्थ काढा", "मोल्सवर्थात बघा", एवढेच म्हणतात. माणसाचे आडनाव त्याच्या पुस्तकाला असे चिकटून बसावे, हे भाग्य थोड्यांनाच लाभते.

माझ्या मास्तरकीच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात तो कोश टेबलावर ठेवून मी काही शब्द दाखवीत होतो. मागच्या बाकावरचा एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मोल म्हणजे किंमत. आणि इंग्रजीत वर्थ म्हणजेबी किंमतच की! मग ह्या सायबाचं नाव किंमत-किंमत कसं?"

प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर येत नव्हते, आणि येत नाही असे म्हणण्याइतका मी अजून मुरलेला मास्तर नव्हतो. "साहेब मोठा मोलाचा होता, म्हणून," असे ठोकून दिले. वर्ग हसला, तास संपला. उत्तर अर्थातच चुकीचे होते. पुढे बऱ्याच वर्षांनी खरे काय ते वाचनात आले. तीच दुरुस्ती आज तुमच्यापुढे करतो.

पहिली गोष्ट ही की, मोल्सवर्थ हे आडनाव खुद्द इंग्लंडातही सर्रास आढळणारे नाही. स्मिथ, जॉन्सन, टेलर ही तिकडची नावे म्हणजे आपल्याकडचे पाटील, जाधव, शिंदे. गल्लोगल्ली भेटतात. मोल्सवर्थ भेटणे कठीण. आणि जो भेटेल त्याचे पूर्वज कधीकाळी एका ठरावीक खेड्यातून बाहेर पडलेले असले पाहिजेत, कारण मोल्सवर्थ हे मुळात माणसाचे नाव नाही, गावाचे नाव आहे.

हे गाव इंग्लंडच्या पूर्व भागात आहे. पूर्वी ते हंटिंग्डनशायर परगण्यात मोडत असे. 1974 साली तो परगणा केंब्रिजशायरमध्ये सामील झाला. गाव अगदी लहान. संत पीटरचे एक जुने चर्च, थोडी घरे, भोवती शेते. या गावाच्या नावाचा अर्थ लावताना इंग्रजी शिकलेला माणूससुद्धा माझ्या विद्यार्थ्यासारखाच फसतो. इंग्रजीत "मोल" म्हणजे जमिनीखाली बिळे करून शेतात मातीचे उंचवटे काढणारा एक छोटा प्राणी. मग मोल्सवर्थ म्हणजे त्या प्राण्याची किंमत? की "मोल" म्हणजे अंगावरचा तीळ? इंग्रज पोरेही अशा कोट्या करीत असतील.

परंतु नावाचा अर्थ आजच्या कानाने लावायचा नसतो. नाव सर्वांत आधी कोणी, केव्हा आणि कसे लिहिले, ते आधी पाहायचे. आपल्या मुंबईचेच घ्या ना. "बाँबे" हे नाव पोर्तुगीजांच्या "बोम बाहिया", म्हणजे चांगले बंदर, यावरून आले, असे कित्येक पुस्तकांतून सांगितले गेले. ऐकायला किती सोयीचे! पण पोर्तुगीज भाषेत बंदराचा तो शब्द स्त्रीलिंगी आहे आणि "बोम" हे विशेषण पुल्लिंगी. "चांगला मुलगी" म्हटल्यासारखेच झाले ते. पोर्तुगीज माणूस आपल्याच भाषेत अशी चूक कशाला करील? नाव आले मुंबाआईवरून, आणि परक्या कानांनी त्याला आपल्या भाषेचा अंगरखा चढवला.

मोल्सवर्थ गावाचा जुना लेख मात्र हाताशी आहे, आणि तो चांगला साडेनऊशे वर्षांचा आहे. 1066 साली फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातला विल्यम इंग्लंडवर चाल करून आला आणि राजा झाला. गादीवर बसून वीस वर्षे होत आली तेव्हा त्याने साऱ्या मुलखाची पाहणी करविली. कोणाकडे किती जमीन, किती नांगर, किती बैल, कुरण किती, गिरण्या किती, रानात डुकरे किती चरतात, हे गावोगाव विचारून लिहून घेतले. 1086 सालचे हे दप्तर "डूम्सडे बुक" म्हणून प्रसिद्ध आहे. डूम्सडे म्हणजे कयामतचा दिवस. त्या दिवशीच्या निवाड्यावर जसे अपील नाही, तसे या दप्तरातल्या नोंदीवरही नाही, म्हणून लोकांनी ठेवलेले हे नाव. सातबाराच्या उताऱ्यासाठी ज्यांनी हेलपाटे घातले असतील, त्यांना या नावातली खोच वेगळी सांगायला नको!

त्या दप्तरात आपल्या गावाची नोंद "मोलेसवर्दे" अशी आहे. शेवटी "थ"च्या जागी "द" का? लिहिणारे कारकून नॉर्मन वळणाचे. इंग्रजांचा तो जिभेच्या टोकाचा "थ" त्यांच्या तोंडी बसत नव्हता. जसा ऐकला तसा लिहिला. आपल्या जुन्या कागदांत इंग्रज अधिकाऱ्यांची नावे कशी उतरली आहेत ते ज्यांनी पाहिले असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता ही नोंद सोडवून पाहू. त्या काळच्या इंग्रजीत "एस" हा षष्ठीचा प्रत्यय होता, आपल्या चा-ची-चे सारखा. म्हणजे नावाचे दोन तुकडे पडतात : "मूल" नावाच्या कोणा माणसाचा, आणि "वर्थ". तो प्राणी इथे लागूच पडत नाही, कारण "मोल" हे त्याचे नाव इंग्रजीत लिहिलेले दिसते ते चौदाव्या शतकात. आणि गावाचे नाव त्याआधी अडीचशे-तीनशे वर्षे दप्तरात बसलेले आहे. नात जन्माला येण्याआधी आजीला तिचे नाव कसे ठेवणार?

"मूल" हे माणसाचे नाव होते हेही इतिहासात नमूद आहे. (आता मूल म्हणजे पोर, असे मात्र कोणी म्हणू नका, नाहीतर आपण पुन्हा त्या मागच्या बाकावर जाऊन बसू.) सातव्या शतकात वेसेक्सचा राजा केडवाला याला मूल नावाचा भाऊ होता. 686 साली तो केंट प्रांताचा राजा झाला आणि वर्षभरातच, 687 साली, केंटच्या लोकांनी त्याला बारा माणसांसह जाळून मारले. आपल्या गावचा मूल तो हा नव्हे. पण नाव तेच. या नावाचा अर्थ जाणकार लोक "खेचर" असा लावतात. लॅटिन भाषेतून आलेला शब्द. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून होणारे खेचर, तसा ज्याचा बाप एका जमातीचा आणि आई दुसऱ्या जमातीची, त्याला हे टोपणनाव पडत असावे. त्या काळी इंग्लंडात जुने ब्रिटन लोक आणि समुद्रापलीकडून आलेले सॅक्सन लोक शेजारी-शेजारी नांदत होते, भांडत होते, सोयरिकीही करीत होते. मूलच्या भावाचे केडवाला हे नाव ब्रिटन लोकांच्या भाषेतले आहे, हेही या तर्काला धरूनच आहे.

राहिला "वर्थ". किंमत या अर्थाचा वर्थ निराळा आणि हा निराळा. दोन वेगळे शब्द, काळाच्या ओघात घासून-पुसून एकसारखे दिसू लागले, एवढेच. हा जुना वर्थ म्हणजे कुंपण घातलेली जागा. रान तोडून साफ केले, भोवती कूड किंवा काट्यांची वई घातली, आत घर बांधले, गुरे कोंडली, बाहेर लांडगे राहिले, झाला वर्थ. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : वाडा. पुण्यातला शनिवारवाडा मनात आणू नका. गुरांचा वाडा, धनगराचा वाडा, तो वाडा. म्हणजे मोल्सवर्थ याचा सरळ अर्थ "मूलचा वाडा".

असे वर्थ इंग्लंडात शेकडो आहेत. लंडन शहराचा एक भाग वाँड्सवर्थ, तो वेंडेल नावाच्या माणसाचा वाडा. कवी वर्डस्वर्थचे आडनाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते. मोठा कवी, आणि आडनावात "वर्ड" म्हणजे शब्द. कोणालाही वाटावे की नाव त्याला साजेसेच आहे. पण तेही मुळात यॉर्कशायरमधल्या एका गावाचे नाव, त्याचा शब्दाशी काही संबंध नाही. बटरवर्थ मात्र खरोखरच लोण्याचा वाडा. तिथले दूधदुभते चांगले असणार. आणि केनिलवर्थ, जिथला पडका किल्ला प्रसिद्ध आहे, ते गाव किनेहिल्ड नावाच्या बाईचे. बाईच्या नावाची वाडी! तेरा-चौदाशे वर्षांपूर्वीच्या शेतकरी समाजात जमीन बाईच्या नावाने ओळखली जात होती, ही गोष्ट कोणत्याही लढाईच्या बखरीत लिहिलेली नसते. ती गावाच्या नावात टिकून राहते. डेव्हन भागात हाच शब्द "वर्दी" होतो, तर वेल्सच्या सीमेकडे "वार्डीन". वाडी, वाडा, वाडे, तसेच म्हणा ना.

आता गावाचे नाव माणसाला कसे लागले? आपल्याला हे समजावून द्यायला नको. महाराष्ट्रात प्रत्येक आळीत चार "कर" राहतात. निपाणीत राहणाऱ्याला निपाणीत कोणी निपाणीकर म्हणत नाही. तो गाव सोडून कोल्हापुरास गेला की तिथले लोक त्याला निपाणीकर म्हणू लागतात. म्हणजे असे आडनाव हा गावात राहिल्याचा पुरावा नसून गाव सोडल्याचा पुरावा असतो. इंग्लंडातही तसेच झाले. विल्यमच्या स्वारीनंतर सरदार-जमीनदारांत आडनावांची चाल पडली आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती बहुतेक सामान्य लोकांत पोचली. कोणाला धंद्यावरून, कोणाला बापावरून, कोणाला अंगावरच्या खुणेवरून आडनाव मिळाले. आणि ज्यांनी गाव सोडले त्यांना गावावरून. तेराव्या शतकाच्या शेवटी, राजा पहिला एडवर्ड याच्या अमदानीत, वॉल्टर डी मोल्सवर्थ नावाचा एक शेरीफ होऊन गेला. शेरीफ म्हणजे परगण्याचा वसूल आणि बंदोबस्त राजाच्या वतीने पाहणारा अंमलदार. त्याच्या नावातला फ्रेंच "डी" म्हणजे आपला "चा" : मोल्सवर्थचा वॉल्टर. पुढे तो "डी" गळून पडला. आपल्याकडे "कर" टिकला आणि त्यांच्याकडे नुसते गाव उरले. म्हणून इंग्रजाच्या आडनावात गाव लपलेले असले तरी चटकन ओळखू येत नाही.

पुढे या आडनावाच्या माणसांनी बरेच मुलूख पाहिले. 1716 साली एका मोल्सवर्थला आयर्लंडात व्हायकाउंटची पदवी मिळाली. सर विल्यम मोल्सवर्थ 1855 साली इंग्लंडचे वसाहतमंत्री झाले आणि त्याच वर्षी वारले. डब्लिनला एक मोल्सवर्थ स्ट्रीट आहे आणि न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात दुसरा. गंमत अशी की दोन्ही रस्ते त्या त्या देशाच्या पार्लमेंटपाशी जातात. न्यूझीलंडमध्येच मोल्सवर्थ नावाचे एक गुरांचे शेत आहे, सुमारे 1,800 चौरस किलोमीटरचे, त्या देशातले सर्वांत मोठे. मूलचा वाडा वाढत वाढत कुठवर गेला पाहा! आणि शिक्षकांसाठी आणखी एक. 1953 साली इंग्रजीत एक विनोदी पुस्तक निघाले. त्याचा नायक नायजेल मोल्सवर्थ हा शाळकरी पोरगा. त्याची सारी प्रसिद्धी कशाबद्दल? तर शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल! एक मोल्सवर्थ कोशकार, आणि दुसऱ्याला साधी स्कूलची अक्षरे धड लिहिता येत नाहीत.

मूळ गावाचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धात गावाजवळच्या माळावर विमानतळ झाला आणि तिथून अमेरिकेची बाँबफेकी विमाने जर्मनीवर जाऊ लागली. 1980 साली त्याच जागी अण्वस्त्रे वाहणारी क्षेपणास्त्रे आणण्याचे ठरले, तेव्हा शांततावादी लोकांनी तिथे तळ ठोकला. 1985 सालच्या फेब्रुवारीत एका रात्री सैनिक आणि पोलीस मिळून हजारावर माणसे आली, त्यांनी तळ उठविला आणि सकाळपर्यंत साऱ्या जागेभोवती कित्येक मैल लांबीचे कुंपण उभे केले. पुढे 1987 साली अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचा करार झाला आणि ती क्षेपणास्त्रे परत गेली. पण ज्या गावाच्या नावाचाच अर्थ कुंपण, त्या गावाने हजार वर्षांनी पुन्हा कुंपण पाहिले. मूलचे कुंपण लांडग्यांना बाहेर ठेवण्यासाठी होते.

आता आपल्या मोल्सवर्थकडे येऊ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म 1795. कोवळ्या वयात कंपनी सरकारच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला. 1818 साली पेशवाई बुडाली आणि एवढा मोठा मराठी मुलूख इंग्रजांच्या हाती पडला. वसूल घ्यायचा, निवाडे करायचे, अर्ज वाचायचे, तर भाषा यायला हवी. कोश नव्हते असे नाही. विल्यम केरीने 1810 साली बंगालमधल्या श्रीरामपुराहून एक काढला होता, त्यातले मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले. व्हान्स केनेडीचा 1824 साली निघाला. मुंबईत जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले प्रभृती पंडितांनी मराठीचा मराठी कोश केला, तो 1829 चा. मोल्सवर्थने जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांना मदतीला घेऊन आणि शास्त्रीमंडळी जवळ बसवून मराठी-इंग्रजी कोश रचला. तो 1831 साली छापून निघाला, तेव्हा त्यात सुमारे 25 हजार शब्द होते. मध्यंतरी तो इंग्लंडला परतला होता. दुसऱ्या आवृत्तीसाठी पुन्हा इकडे आला. ती आवृत्ती 1857 साली निघाली आणि शब्द झाले सुमारे 60 हजार.

हे साठ हजार शब्द केवळ पोथ्यांतले नव्हेत. गावच्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. तिफण, पाभर, कुळव, शिवळ, मोट आणि मोटेचा सरंजाम, बलुतेदारांची कामे आणि हक्क, म्हणी, शिव्यासुद्धा, हे सारे त्यात आहे. ज्याला शहरातला शास्त्री गावंढळ म्हणून नाक मुरडील, असा शब्दही गाळलेला नाही. मोट गेली, विहिरीवर इंजिने आणि पंप आले. आजच्या मुलाने सोंदूर आणि नाडा डोळ्यांनी पाहिलेला नसतो. पण ते शब्द कुंपणाच्या आत राहिले. मी काही साहेबाचे गोडवे गायला बसलेलो नाही. सरकारला कोश हवा होता तो राज्य चालवायला, आणि शब्द होते ते इथल्याच लोकांचे. कोणी बांधावर, कोणी चावडीत, कोणी पाणवठ्यावर वापरलेले. तरीही एकेक शब्द धरून त्याचे सारे अर्थ लावीत बसणे हे नोकरीपुरते काम करणाऱ्या माणसाचे काम नव्हे, असे मला वाटते.

पुढच्यांनी त्याच्यावरच घरे बांधली. थॉमस कँडीने इंग्रजी-मराठी कोश 1847 साली पुरा केला. त्याची आखणी आणि आरंभ मोल्सवर्थचाच. बाबा पदमनजी यांनी 1863 साली मोठ्या कोशाचा संक्षेप काढला, म्हणून तो शाळांना परवडू लागला. 1975 साली पुण्याहून 1857 च्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण झाले. आता तर शिकागो विद्यापीठाने सारा कोश संगणकावर घातला आहे. ज्यांच्या शाळेतली प्रत वाळवीने संपविली असेल, त्यांनी काळजी करू नये.

मला माझ्या त्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट दाखवायची राहून गेली. "मोल" हा शब्द त्या कोशात आहे. तो संस्कृत मूल्यावरून आला, साहेबाच्या आडनावाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण साहेबाच्या आडनावाचा अर्धा अर्थ त्याच कोशात, दुसऱ्याच पानावर, मराठीत बसलेला आहे. ते पान रचताना तो त्याच्याच हाताखालून गेला. "व" अक्षर काढा आणि "वाडा" हा शब्द शोधा. आरंभी मोठी हवेली, राजवाडा येईल. मग कुंभारवाडा, गवळीवाडा अशी गावातली वस्ती. तसेच खाली या. कुंपण घातलेली जागा येईल, आणि मग गुरांचा वाडा, धनगरवाडा. उघड्या रानातला, चारी बाजूंनी अडवून घेतलेला.